भाडेकरू गेला, सामान राहिले
(नभोवाणीवरील भाषण)



घर भाड्याने कसे द्यावे, भाडे किती घ्यावे, करारनामा कसा करावा, ह्यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. भाडेकरूस घराबाहेर कसे काढावे हे सांगणारेही कमी नाहीत. परंतु न्यायालयाच्या निकालाने भाडेकरू बाहेर पडल्यानंतर त्याची जी पेटी, जी खाट, जी चार भांडी मागे राहतात, त्यांचे काय करावयाचे, हे सांगणारा सहसा कोणी आढळत नाही. आज मी तेवढाच विषय घेणार आहे. मी वकील नव्हे. मुलांस शिकविण्यात आयुष्य घालविलेला एक साधा शिक्षक आहे. तथापि ह्या बाबतीत माझ्या हातून एकदा चूक घडली, आणि त्या चुकीपायीच ह्या विषयातील कायदा मी पुढे समजून घेतला. ती हकीकत प्रथम सांगतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भंडारा जिल्ह्यातील ज्या गावी मी नोकरीस होतो, तेथे माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची दोन खोल्या व पडवी एवढी जागा एका कारागिराकडे भाड्याने होती. आपला जिल्हा पितळेच्या भांड्यांकरिता पूर्वीपासून नावाजलेला. हा मनुष्यही तोच धंदा करीत असे. घरोघर स्टीलची भांडी आली, त्याचा धंदा बसला, भाडे थकले, दावा झाला, आणि बऱ्याच काळाने घरमालकाच्या बाजूने निकाल लागला. बेलीफ येण्याची वेळ त्या मनुष्याने आणली नाही. एके दिवशी त्याने स्वतःच किल्ली आणून दिली आणि “उरलेले सामान आठ-पंधरा दिवसांत नेतो” असे सांगून तो बायकामुलांसह दुसऱ्या गावी गेला. मागे राहिली ती एक ऐरण, काही हातोडे व सांडशा, अंथरुणाची वळकटी आणि कुलूप लावलेली एक पत्र्याची पेटी. घरमालक मला म्हणाले, “गुरुजी, तुमचे अक्षर चांगले आहे, काय काय आहे ते एका कागदावर लिहून ठेवा.” मी लिहिले, ‘एक पेटी, अवजारे व किरकोळ सामान’, आणि खाली सही केली. पेटीत काय असेल, हे मी विचारले नाही.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. तो मनुष्य आजारी पडला होता, हे आम्हांस मागाहून कळले. इकडे घरमालकांचा धीर सुटला. थकलेल्या भाड्याचा राग मनात होताच. त्यांनी सर्व सामान भंगारवाल्यास वजनावर देऊन टाकले. पुढे जून महिन्यात त्या कारागिराची मुलगी माझ्याकडे आली. ती आमच्याच शाळेची विद्यार्थिनी. तिला अध्यापिका व्हावयाचे होते. तिची दहावी व बारावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला त्या पेटीत होता. कागदांच्या नकला मिळतात, आणि त्या मिळाल्याही. परंतु प्रतिज्ञापत्र, अर्ज आणि खेपा ह्यांत प्रवेशाची मुदत टळून गेली. तिचे एक वर्ष गेले. भंगारवाल्याने त्या पेटीचे जे काही दिले असेल, ते एका जेवणाच्या खर्चाहून अधिक खास नव्हते.

त्या घरमालकांस कोणी दुष्ट म्हणणार नाही. त्यांचा दावा खरा होता, निकाल त्यांच्या बाजूचा होता. पण जो न्याय त्यांनी इतकी वर्षे थांबून मिळविला, तो त्यांनी एका दुपारी गमावला. पुढे चार लोकांनी बसून अवजारांची किंमत ठरविली आणि त्यांनी ती कारागिरास दिली. मुलीचे वर्ष मात्र कोणासच भरून देता आले नाही. आणि ‘किरकोळ सामान’ हे शब्द माझ्या हातचे होते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. भाडेकरूस केव्हा काढता येईल ह्याचे नियम आपल्या जिल्ह्यात वेळोवेळी बदलले. भंडारा १९५६ पर्यंत प्रथम मध्यप्रांतात व नंतर मध्यप्रदेशात होता. त्यामुळे येथील शहरांस मुंबईचा १९४७ चा भाडेकायदा नव्हे, तर मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४६ चा कायदा आणि त्याखालील १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश लागू असे. त्या आदेशान्वये भाडेकरूस नोटीस देण्यापूर्वीही घरमालकास नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा एकच कायदा राज्यातील ठरीव शहरांस लागू झाला. घर कोणत्या कारणांनी परत मागता येते, ह्याचा तेथे विस्तार आहे. परंतु घर परत मिळाल्यावर आतील वस्तूंचे काय, ह्याचे उत्तर शोधावयाचे तर दुसऱ्या कायद्यांकडे वळावे लागते.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, हिच्या एकविसाव्या आदेशातील पस्तिसावा नियम स्थावर मिळकतीच्या ताब्याविषयी आहे. हुकूमनाम्याने बांधलेला मनुष्य जागा सोडीत नसेल तर बेलीफाने त्यास दूर करावे, प्रसंगी कुलूप तोडावे, आणि ज्याच्या बाजूने निकाल झाला त्यास जागेचा ताबा द्यावा, असा त्याचा आशय आहे. हा ताबा जागेचा आहे. आतल्या ऐरणीचा, अंथरुणाचा किंवा पेटीचा मालक त्यामुळे बदलत नाही. निकालाच्या आदल्या दिवशी त्या वस्तू ज्याच्या होत्या, त्याच्याच त्या दुसऱ्या दिवशीही असतात. आज मला सांगावयाचे आहे त्याचे सार एवढेच: न्यायालय आपणांस घर देते, घरातील सामान देत नाही.

ह्यावर घरमालक म्हणतील, “माझे भाडे बुडाले आहे, सामान अडकवून ठेवण्याचा तरी मला हक्क आहे की नाही?” सामान्यतः नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२, ह्याच्या १७१ व्या कलमात, येणे फिटेपर्यंत दुसऱ्याचा माल अडवून ठेवण्याचा सर्वसाधारण अधिकार कोणास आहे, त्यांची नावेच दिली आहेत: बँकवाले, आडते, धक्क्यावर माल सांभाळणारे, उच्च न्यायालयाचे अॅटर्नी आणि विम्याचे दलाल. त्या यादीत घरमालक नाही. इंग्लंडात मात्र भाड्यापोटी भाडेकरूचे सामान जप्त करण्याची जुनी रूढी होती. १८८२ च्या प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय अधिनियमाने मुंबई, कलकत्ता व मद्रास ह्या तीन शहरांपुरती तशी सोय ठेवली, पण तीसुद्धा न्यायालयाच्या अधिकाऱ्याच्या हातून. मालकाच्या हातून नव्हे. खुद्द इंग्लंडातही राहत्या घरांच्या बाबतीत ती रूढी २००७ च्या कायद्याने रद्द ठरून २०१४ पासून संपली. ज्या घरमालकाचे भाडे थकले असेल त्याने ते तीन वर्षांच्या मुदतीत दावा करून वसूल करावे, आणि जप्ती आणावयाची तर तीही न्यायालयामार्फत आणावी.

बरे, न्यायालयाने जप्ती आणली तरी काय काय जप्त होईल? त्याच संहितेचे साठावे कलम प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने एकदा वाचावे असे आहे. ऋणको, त्याची पत्नी व मुले ह्यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा व अंथरूण-पांघरूण, धर्माचाराप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरविता येत नाहीत असे अलंकार, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि त्याच्या निर्वाहास लागणारी गुरे व बियाणे, हिशेबाच्या वह्या, इतक्या वस्तूंस न्यायालयही जप्तीचा हात लावीत नाही. कर्ज फिटलेच पाहिजे, परंतु माणसाची चूल, अंथरूण व हातातील हुन्नर काढून घेऊन ते फेडून घ्यावयाचे नाही, असा त्यातील विचार आहे. आता पाहा: जी ऐरण न्यायालयास जप्त करता आली नसती, ती आमच्या परिचयाच्या गृहस्थांनी वजनावर विकली!

मग घरमालकाने ह्या सामानाचे ओझे जन्मभर वाहावे काय? तसेही नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात आली की आपण तिचे मालक होत नाही, रक्षक होतो. करार अधिनियमाचे ७१ वे कलम म्हणते की, दुसऱ्याची सापडलेली वस्तू जो आपल्या ताब्यात घेतो, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्यासारखीच जबाबदारी येते. आणि १५१ व्या कलमाप्रमाणे ती जबाबदारी म्हणजे, साधारण समंजस मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी. त्याहून अधिक नाही. एवढी काळजी घेऊनही पुरात वा आगीत वस्तू गेली, तर सांभाळणारा दोषी ठरत नाही. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्यांस, विशेषतः ज्यांनी ऑगस्ट २०२० चा पूर पाहिला त्यांस, ह्या नियमाचा अर्थ निराळा सांगावयास नको. उलट, अप्रामाणिक हेतूने अशी वस्तू स्वतःकरिता वापरली किंवा विकून पैसा खिशात घातला, तर १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमाखाली तो अपहाराचा गुन्हा होऊ शकतो.

सापडलेली वस्तू विकण्याची मुभाही कायद्याने काही प्रसंगी दिली आहे. १६९ व्या कलमाप्रमाणे, जी वस्तू सामान्यतः विक्रीची असते, तिचा मालक वाजवी शोध करूनही सापडत नसेल किंवा सांभाळण्याचा रास्त खर्च देण्याचे नाकारीत असेल, आणि वस्तू नासण्याच्या वा बहुतेक किंमत गमावण्याच्या बेतात असेल, अथवा तो खर्च वस्तूच्या किमतीच्या दोन-तृतीयांशापर्यंत गेला असेल, तर ती विकता येते. घरमालक हा वाटेवर वस्तू सापडलेला वाटसरू नव्हे. म्हणून ह्या कलमाचा आधार त्याने सावधगिरीने घ्यावा. पण त्यातील क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे: आधी शोध, मग वाट पाहणे, आणि विक्री सर्वांत शेवटी.

किती वाट पाहावी, ह्याचे दोन नमुने आपल्यापुढे आहेत. मद्रास उच्च न्यायालयाने वर सांगितलेल्या पस्तिसाव्या नियमास जोड दिली आहे. तीप्रमाणे ताबा देताना दुसऱ्याचे सामान आढळले आणि ते कोणी तत्काळ नेले नाही, तर बेलीफाने प्रतिष्ठित माणसांसमक्ष अंदाजी किमतींसह यादी करावी, सामान डिक्रीदाराकडे जामीनपत्र घेऊन ठेवावे. न्यायालयाने भाडेकरूस तीस दिवसांची नोटीस द्यावी. तरी तो न आल्यास जाहीर लिलाव करून खर्च वजा जाता उरलेली रक्कम त्यासच परत करावी. दुसरा नमुना सरकारी जागांचा. केंद्र सरकारच्या व त्याच्या कंपन्यांच्या जागांस, म्हणजे आपल्या जिल्ह्यात जवाहरनगर येथील आयुध निर्माणीची किंवा तुमसर रोड येथील रेल्वेची निवासस्थाने अशांस, १९७१ चा सार्वजनिक जागांविषयीचा कायदा लागू आहे. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे, जागा खाली करविल्यावर आतील सामानाबद्दल संबंधितास चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती त्या भागातील एका वृत्तपत्रातही छापावी लागते, मगच लिलाव. येथे मात्र लिलावाच्या पैशांतून थकलेले भाडे कापून घेण्याचीही मुभा आहे, कारण कायद्याने ती स्पष्ट शब्दांत दिली आहे. खाजगी घरमालकाने तिचे अनुकरण करू नये. जेथे सरकारलाही नोटीस दिल्याशिवाय एक खुर्ची विकता येत नाही, तेथे आपण निदान तीस दिवस थांबावे, हे सयुक्तिकच नव्हे काय?

आता प्रत्यक्ष काय करावे ते क्रमाने सांगतो. बेलीफामार्फत ताबा मिळत असेल तर त्याच वेळी सामानाची यादी पंचनाम्यात उतरवून घेण्याचा आग्रह धरावा, आणि उरलेल्या सामानाविषयी दरखास्त चालविणाऱ्या न्यायालयाचीच आज्ञा मागावी. बजावणीतून निघणारे पक्षकारांमधील प्रश्न त्याच न्यायालयाने सोडवावेत, असे संहितेचे ४७ वे कलम सांगते. भाडेकरू आपण होऊन किल्ली देऊन गेला असेल, तर दोन त्रयस्थ माणसांस बोलावून त्यांच्यासमक्ष यादी करावी. यादीत ‘किरकोळ’ हा शब्द येऊ देऊ नये. ‘पितळी तपेली तीन, पैकी एक ठेचलेली’ असे लिहावे. हल्ली प्रत्येकाजवळ मोबाइल असतो. प्रत्येक वस्तूचे छायाचित्र घ्यावे. कुलूपबंद पेटी एकट्याने उघडू नये. ती बंदच ठेवावी, तिच्यावर कागद चिकटवून पंचांच्या सह्या घ्याव्यात. दागिने वा रोकड दिसली तर वकिलास विचारून ती न्यायालयाच्या नजरेस आणावी.

नंतर सामानाचे चार भाग करावेत. पहिला भाग कागदपत्रांचा: दाखले, गुणपत्रिका, शिधापत्रिका, आधारपत्र, सातबारा, औषधोपचाराचे कागद. ह्यांस बाजारात किंमत नाही, म्हणूनच त्यांचा नाश सर्वांत आधी होतो. आणि मालकाच्या दृष्टीने त्यांच्याएवढे मोलाचे दुसरे काही नसते. हे कागद केव्हाही विकू वा फेकू नयेत आणि भाडेकरूने मागताच विनाशर्त परत द्यावेत. दुसरा भाग देव्हाऱ्यातील मूर्ती, छायाचित्रे, हत्यारे, अंथरूण-पांघरूण व भांडी ह्यांचा. तेही जपून ठेवावे. तिसरा नाशवंत वस्तूंचा, जसे धान्य व भाजीपाला. त्याची पंचांसमक्ष विल्हेवाट लावून पैशाचा हिशेब लिहावा. चौथा, इतरांच्या वस्तूंचा. हप्त्याने घेतलेले शीतकपाट, कोणाची तरी मोटारसायकल, शेजाऱ्याची शिडी, अशा गोष्टी भाडेकरूच्याही नसतात. ज्याच्या असतील त्यास पुरावा पाहून व पावती घेऊन द्याव्यात.

त्यापुढे पोच मिळेल अशा टपालाने भाडेकरूच्या ठाऊक असलेल्या प्रत्येक पत्त्यावर पत्र पाठवावे. पत्र असे असावे: “आपण अमुक तारखेस सोडलेल्या जागेत आपले सामान राहिले आहे. त्याची यादी सोबत जोडली आहे. सामान अमुक ठिकाणी सुरक्षित ठेवले आहे. हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत, सकाळी नऊ ते सायंकाळी सहा ह्या वेळात, आपण स्वतः किंवा लेखी अधिकार दिलेल्या माणसाने येऊन पावती देऊन ते न्यावे. न नेल्यास त्याच्या व्यवस्थेकरिता न्यायालयाची आज्ञा घेण्यात येईल.” ह्या पत्रात थकलेल्या भाड्याचा उल्लेख करू नये. सामान हलविण्यास हमालीचा वगैरे खरोखर खर्च झाला असेल तर तो पावतीसह निराळा मागावा. मुदत संपल्यावरही कोणी न आल्यास, किमती वस्तूंकरिता न्यायालयाकडेच जावे. अगदी क्षुल्लक वस्तू पंचांसमक्ष विकल्या तर आलेला पैसा निराळा ठेवावा. तो भाडेकरूचा आहे.

एक इशारा येथेच देतो. भाडेकरू काही दिवस दिसत नाही, दारास त्याचे कुलूप आहे, एवढ्यावरून तो घर सोडून गेला असे समजून कुलूप तोडू नये. जोवर कुलूप त्याचे आहे तोवर ताबाही त्याचाच मानला जाण्याचा संभव असतो. कायद्याचा मार्ग सोडून ज्याचा ताबा काढून घेतला गेला, तो विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३, ह्याच्या सहाव्या कलमाखाली सहा महिन्यांत दावा करून ताबा परत मिळवू शकतो. तेथे मालकी कोणाची हा प्रश्नच निघत नाही. त्याचप्रमाणे भाडेकरू कंटाळून जावा म्हणून पाणी वा वीज तोडणे हेही १९९९ च्या कायद्याच्या २९ व्या कलमाने निषिद्ध आहे.

भाडेकरूंसही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. निकाल विरुद्ध गेला म्हणून रागाने वा लाजेने सामान टाकून जाऊ नये. जाताना प्रथम कागदपत्रांची पिशवी हाती घ्यावी. खाट मागाहून नेता येते. नवा पत्ता घरमालकास लेखी कळवावा आणि मागे काय राहिले ह्याची यादी देऊन तीवर त्याची सही घ्यावी. आपण बसविलेल्या फळ्या, पत्रे, पंखा वगैरे काढावयाचे असल्यास जागा ताब्यात आहे तोवरच, आणि भिंतीची हानी न करता काढावे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, ह्याच्या १०८ व्या कलमातील तत्त्व तेच आहे. घरमालक सामान देण्याचे नाकारीत असेल तर ते परत मागण्याचा दावा करता येतो. त्याची मुदत तीन वर्षे आहे, पण तीन वर्षे थांबू मात्र नये. वकिलास पैसे नाहीत अशी अडचण असल्यास १९८७ च्या कायद्याने स्थापन झालेले जिल्हा विधी सेवा प्राधिकरण प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयात असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि ठरीव मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले लोक ह्यांस तेथे विनामूल्य साहाय्य मिळते.

श्रोतेहो, ह्या सर्व खटाटोपास फार झाले तर एक दुपार, दोन पंच, काही पाने आणि एका टपालाचा खर्च लागतो. ज्याने दाव्याकरिता वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्यास आणखी तीस दिवस जड नसावेत. निवृत्त झाल्यावर मी माझ्या घराची मागची खोली भाड्याने दिली. दोन भाडेकरू आले आणि गेले. दोघांचेही काही ना काही मागे राहिले. दोन्ही वेळा मी यादी केली, आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न विचारला तो हाच की, ह्या घरात शाळेत जाणारे मूल होते काय, आणि त्याचे कागद कोठे आहेत? तो प्रश्न मी बावीस वर्षांपूर्वी विचारावयास हवा होता. माझ्या त्या चुकीचा आपणांपैकी एखाद्यास जरी उपयोग झाला, तरी हे भाषण व्यर्थ गेले नाही असे मी समजेन. इतके सांगून आपली रजा घेतो.